बिनमानेचा मानकरी

एका जंगलात एक रानडुक्कर राहत हुतं.

मागं कोन हसलं? डुक्कर म्हनलं की हसायचं, असं कुठं लिवलंय? ज्याला डुकराची गोष्ट ऐकायची न्हाई त्यानं उठून घरी जावं. मी काय कुनाला हात धरून बसवलेलं न्हाई.

बसलासा? बरं.

तर ह्या डुकराचं नाव म्हसू. आता आधीच सांगून ठिवतो, ह्या जंगलात सिंह नव्हता. उगा मधीच 'सिंह कुठाय, सिंह कुठाय' करू नका. आमच्या जंगलात वाघ हुता. वाघोबा सरकार. त्याला कमी दिसायचं, कमी ऐकू यायचं, कळायचं त्याहून कमी. पन समदं कळलंय असं दाखवायचं त्याला लई झ्याक जमायचं. म्हनून तर राजा.

जंगलाच्या मधोमध एक माळ हुता. माळावर मोहाचं झाड हुतं. मोहाची फुलं गळाली की त्या झाडाखाली गोफ व्हायचा.

गोफ म्हंजे काय ते ज्यांना ठावं न्हाई त्यांनी ऐका. झाडाच्या आडव्या फांदीला रंगीत दोऱ्या बांधायच्या. ज्यानं त्यानं आपापल्या दोरीचं खालचं टोक धरायचं. सुतारपक्षी पोकळ खोडावर ठेका धरनार, आन त्या ठेक्यावर नाचत ह्याच्या आतनं, त्याच्या भाईरनं, असं जायाचं. वर दोऱ्यांची येनी पडत जाती. मंग उलट्या पावलांनी नाचत तीच येनी उकलायची. एक जरी गडी चुकला तरी समदी एकमेकांच्या गळ्यात.

ह्या गोफात तांबडी दोरी मानाची. ती धरनारा म्होरं, बाकीची त्याच्या मागं. तांबडी दोरी म्हसूची. त्याच्या बापाकडं हुती, आज्ज्याकडं हुती, आता त्याच्याकडं.

म्हसू तसा तापट. कुनी शिंकलं तरी इचारायचा, "माझ्यावर शिंकलास का रं?" घरात नुसता वळला तरी एक मडकं फुटायचं. पन तांबडी दोरी हातात आली की त्याला काय व्हायचं कुनास ठावं. येवढं धूड, पन फुलावरनं चालल्यागत चालायचं. आन त्या दिवशी कुनावर वरडायचंबी न्हाई.

त्याची बायको ठकू म्हनायची, "वरसातनं एकच दीस डुकरात असतोस बघ."

त्या एका दिवसासाठी म्हसू वरीसभर जगायचा. हे ध्यानात ठेवा. मी परत सांगनार न्हाई.

आता झालं काय, जंगलातला जगदेव बिबट्या शहरात गेला. कशाला गेला? कुत्री खायाला. दुसरं काय काम असतंय बिबट्याचं शहरात? तिथं तो एका उंच इमारतीत शिरला आन एका हॉलात सोफ्याखाली लपला. मानसं त्याला भाईर हुडकत हुती, आन ह्यो आत बसून खेळनारी मानसं बघत हुता. शेवटी घावला. त्याला सुई टोचली, पिंजऱ्यात घातला, गळ्यात एक पट्टा अडकवला आन गाडीतनं आनून जंगलात सोडला.

परत आला तवा भाषाच बदललेली.

"जगदेव म्हणू नका," म्हनला. "जेबी म्हणा."

"गळ्यात काय हाय रं ते?" समद्यांनी इचारलं.

"कॉलर. सगळ्यांना देत नाहीत."

ते मातूर खरं हुतं. सगळ्यांना देत न्हाईत. जे धरलं जात्यात त्यांनाच देत्यात.

जगदेव तडक वाघोबाकडं गेला.

"सरकार, आपण अजून उन्हात खेळता? धूळ, गोचीड, कुसळं! शहरात सगळे आत खेळतात. गारव्यात. गोल्फ. इनडोअर. सिम्युलेटरवर. म्हणजे मशिनवर."

वाघोबाला त्यातलं येकबी कळलं न्हाई. त्यानं मिशी हालवली. "व्हय व्हय. मीबी तेच म्हनत हुतो."

"मग आपण लीग काढू?"

"काढा की. लवकर काढा. लई दिसापासनं तरास हुतोय मला."

"आणि बक्षीस काय ठेवायचं?"

वाघोबानं लई इचार केला. "मान द्या. मानाला खर्च न्हाई. जो जिंकंल त्याला यंदाची तांबडी दोरी."

असा त्यानं दुसऱ्याच्या घरातला मान वाटून टाकला. राजा असला की असं करता येतंय.

जगदेवनं शेषरावाच्या गुहेत मशिन बसवलं. मशिन कुठनं आलं आन लाईट कुठनं आली, असलं इचारायचं न्हाई. डुक्कर बोलतंय ते चालतंय तुमाला, आन लाईटची वायर कुठनं वढली ते पायजे?

शेषराव म्हंजे अजगर. त्यानं एक अख्खं भेकर गिळलं हुतं आन तवापासनं निजला हुता. जगदेव त्याच्या कानाशी जाऊन म्हनला, "शेषराव, गुहा वापरू का?" शेषराव काय बोलला न्हाई. "मग तुम्हालाही मेंबर करून घेतो." तरी काय बोलला न्हाई. झालं. शेषराव लीगचा पैला मेंबर.

मंग चंद्राक्का टिटवीला दवंडी द्यायला सांगितली. टिटवीचा आवाज खडा, पन चोच बारीक. त्या 'गोल्फ'मधला ल काय तिच्या चोचीतनं भाईर पडंना. तिनं तो गिळून टाकला आन उडाली.

"गोफ लीग! गोफ लीग! जो जिंकंल त्याला तांबडी दोरी! गोफ लीऽऽग!"

म्हसू चिखलात लोळत हुता. त्याचं दोनी कान हुबं राहिलं.

"ठके! ऐकलंस का? गोफाची शर्यत! माझ्याच गोफात माझ्याशी शर्यत! कोन हाय त्यो?"

"जाऊन बघ की. मला काय सुळं दाखवतोस?"

"जातोच. गोफात मला हरवनारा अजून आईच्या पोटात हाय!"

"मंग त्याला भाईर तरी येऊ दे. आत्ताच कुठं निघालास?"

पन म्हसू कुठला थांबतोय! तांबडी दोरी खांद्यावर टाकली आन चिखल गाळत निघाला.

गुहेच्या तोंडाशी बबन वानर दगडावर बसला हुता. त्याच्या हातात कोळसा.

"नाव?"

"तुला म्हाईत न्हाई?"

"म्हाईत हाय. पन इचारायचं असतंय."

"म्हसू!"

"कॉलर?"

"काय?"

"कॉलर लागती. गळ्यात कॉलर नसली की आत घेत न्हाईत. शहरात तसंच असतंय."

म्हसूनं आत डोकावून बघितलं. समद्यांच्या गळ्यात वेली बांधलेल्या. सशानं तर वेलीला मागं गाठ मारून दोन पानं वर काढली हुती. मोरानं येवढ्या वेली गुंडाळल्या हुत्या, की त्याला मान खाली घालता येत नव्हती.

"बांध मंग," म्हसू म्हनला.

बबननं वेल घेतली आन म्हसूच्या डोक्यामागं टाकली. वेल घसरली. परत टाकली. परत घसरली. त्यानं डोक्यामागं चाचपून बघितलं, खाली वाकून बघितलं.

"म्हसूदा, तुझी मान कुठाय?"

लेकरांनो, रानडुकराला मान नसती. डोकं संपलं की लगीच खांदं.

"मान न्हाई तुला," बबन म्हनला.

"मला मान न्हाई? आज्ज्यापासनं मान हाय आमच्या घरात!" म्हसूनं अशी मुसंडी मारली की बबन झाडावर आन वेल म्हसूच्या सुळ्यावर.

तेवढ्यात जगदेव भाईर आला. "चालेल, चालेल. सुळ्यावरसुद्धा चालेल. आणि ही दोरी इथे ठेवा."

"का म्हनून?"

"बक्षीस आहे ते. जिंकलात की घेऊन जा."

म्हसूनं दोरीकडं बघितलं. आपलीच दोरी आपनच जिंकायची, हे त्याला काय नीट उलगडंना. पन त्याला वाटलं, संध्याकाळपतुर परत घेऊन जानारच हाय. त्यानं दोरी दिली. जगदेवनं ती गुहेत वर, शेषरावाच्या डोक्यावरच्या दगडाला अडकवली.

मंग त्यानं म्हसूच्या हातात एक काठी दिली.

"ही टिपरी लई लांब हाय रं," म्हसू म्हनला. "आन जोडी कुठाय हिची?"

"हा क्लब आहे."

"असू दे क्लब. जोडी दे."

कोन वाद घालनार? जगदेवनं दुसरी दिली. म्हसूनं दोनी काठ्या एकमेकींवर वाजवल्या, एक गिरकी घेतली, एक टिपरी भितीवर, एक दगडावर आन तिसरी जगदेवच्या नडगीवर.

"वरडतोस काय? ठेका चुकला तुझा! आन दोऱ्या कुठं बांधायच्या?"

जगदेव लंगडत मशिनकडं गेला. समोर पांढरा पडदा हुता. त्यावर उजेड पडला आन पडद्यावर एक माळ आला. मोठ्ठा. हिरवागार.

"आरं, ह्यो तर आपला माळ!"

"नाही. परदेशातला आहे."

"शेन दिसंना कुठं."

"शेण नसतंच तिथे."

"मंग हिरवा कसा?"

ह्याचं उत्तर जगदेवला शहरात कुनी दिलं नव्हतं.

म्हसूला वाटलं, गोफाचं झाड त्या टेकाडाच्या पल्याड असंल. मागं सरला, खूर घासलं आन सुटला. पडद्याच्या मागं कातळ हुता.

असा आवाज झाला की माळावरली चरनारी हरनं पळाली. म्हसूचं नाक मुळातच चपटं हुतं, म्हनून वाचलं. शेषराव उठला न्हाई.

मशिन बोललं, "आऊट!"

"कोन आऊट?" म्हसू पडद्यावर वरडला. "भाईर ये! भाईर ये, मंग बघू कोन आऊट!"

मंग जगदेवनं त्याला बसवून खेळ सांगितला. हा बॉल. बॉल इथे ठेवायचा. काठीनं मारायचा. बॉल पडद्याला आपटतो, पण मशिन दाखवतं की तो माळावर लांब गेला. असं करत करत त्या लांबच्या झेंड्याखालच्या भोकात घालवायचा.

"आन गोफ?"

"हाच गोल्फ!"

म्हसूनं काठी खाली ठिवली. म्हंजे शहरातला गोफ असा असतोय. दोरी न्हाई. ठेका न्हाई. ह्याच्या आतनं त्याच्या भाईरनं न्हाई. एकट्यानं हुबं राहायचं आन बाकीच्यांनी मागं बसून टाळ्या वाजवायच्या. त्याला कसंतरीच झालं. भाईर माळ रिकामा पडलाय, आन हितं अंधारात समदी माळाचं चित्र बघत बसल्यात. उठून जावं वाटलं.

पन वर बघितलं तर तांबडी दोरी. आपन गेलो की ती दुसरं कुनीतरी उचलनार.

म्हसू खुरांवर थुकला आन काठी उचलली.

"वारा डावीकडून आहे," जगदेव म्हनला.

"गुहेत कुठला वारा?"

"मशिनमध्ये आहे."

"भाईर उजवीकडनं हाय. मी आत्ताच आलो."

"बाहेरचा धरत नाहीत."

पैला टोला बॉलला लागलाच न्हाई. झाडावरनं उतरून आलेल्या बबननं भितीवर कोळशानं एक रेघ मारली. दुसराबी लागला न्हाई. आनि एक रेघ. तिसरा लागला, तो वरच्या कातळाला आपटून शेषरावाच्या टाळक्यात. चौथा मशिनमधल्या तळ्यात. म्हसू पेटला. मारतोय, मारतोय, मारतोय. बबन रेघा वढतोय. सांच्याला म्हसूच्या नावाफुडची भित काळी पडली.

मंग त्यानं बाकीच्यांची नावं बघितली. सशाच्या म्होरं चिमटीभर रेघा. मोराच्या म्होरं थोड्याशा.

म्हसूची छाती फुगली. "बघितलंत का? चार काठ्या मारल्या आन दमली समदी!"

आता तुमी हुशार पोरं. तुमाला म्हाईत असंल, ह्या खेळात ज्याचं टोलं कमी त्यो जिंकतोय. म्हसूला म्हाईत नव्हतं. त्याला कुनी सांगितलं का न्हाई? सांगायला गेला हुता ससा.

"म्हसूदा, ते रेघांचं काय हाय..."

"काय हाय?"

सशानं सुळ्याकडं बघितलं. "काय न्हाई. लई भारी मारतायसा."

तुमी सांगितलं असतं? मंग उगा सशाला नावं ठेवू नका.

आन दुसरी गंमत ऐका. वाघोबाबी लीगमधी हुता. त्यालाबी दिसायचं कमी, त्यामुळं टोलं जास्त. पैल्याच दिवशी त्यानं काळी भित बघून जगदेवला इचारलं, "समद्यात मोठी रेघांची रास माझीच न्हवं? म्हंजे मीच म्होरं?"

जगदेवनं वाघोबाच्या दातांकडं बघितलं.

"आपणच, सरकार. तळ्यालासुद्धा सोडलं नाहीत आपण."

झालं. आता राजाच जास्त टोल्यांनी म्होरं हाय म्हनल्यावर कमी टोलंवाला कोन तोंड उघडतोय?

तिकडं ठकूनं आनंदानं घरोघर मोहाची फुलं वाटली. आमच्या मालकांनी भित काळी केली म्हनून. जनावरं फुलं घ्यायची, तोंड फिरवायची आन खुसूखुसू हसायची. ठकू काय खुळी नव्हती. तिनं चंद्राक्काला कोपऱ्यात घेतलं आन इचारलं. चंद्राक्कानं सांगितलं. सांगितलं आन उडून गेली, कारन ठकूलाबी सुळं हुतं, बारकं असलं म्हनून काय झालं.

ठकू घरी आली.

"आरं, ज्याचं कमी त्यो जिंकतोय म्हनं त्यात."

"कोन म्हनलं?"

"समदी म्हनत्यात."

"समदी जळत्यात."

"जळू दे. पन खरं असलं तर?"

"आगं, कमी करून कुनी जिंकतंय व्हय? कमी राबला आन जास्त पिकलं, असं कुठं झालंय? मंग निजलेला गडीच जिंकंल की!" असं म्हनून म्हसू पोट धरून हसला. त्याला बघून ठकूबी हसली. हसून हसून दोघांच्या डोळ्यातनं पानी आलं.

ते हसनं म्या का सांगितलं, ते लगीच कळंल.

लीगच्या शेवटच्या दिवशी म्हसू आन वाघोबा दोघंच राहिलं. बाकीच्यांचं कवाच झालं हुतं. त्यांचा बॉल भोकात गेला हुता. ह्या दोघांचा जात नव्हता, आन ह्यांना घालवायचाबी नव्हता. एक मारतोय, दुसरा त्याच्यावर मारतोय.

"माझी एक रेघ बारीक वढलीस!" वाघोबा बबनवर गुरकावला.

"माझ्या दोन टोल्यांची एकच धरली!" म्हसू वरडला.

"म्हसू, दमला असशील तर बस खाली."

"सरकार, दमायला मी काय वाघ हाय?"

बॉल कातळाला लागून फुटलं. ते दगडं मारू लागलं. बबन भितीवरनं जमिनीवर आला, जमिनीवरनं छतावर चढला. रेघा मारून मारून त्याचा हात काळा, तोंड काळं. शेवटी कोळसा संपला. कोळसा संपला म्हनून लीग संपली.

समदी माळावर जमली. मशिन भाईर आनून मोहाच्या झाडाखाली ठेवलं. तांबडी दोरी फांदीला बांधली.

"सांग," वाघोबा जगदेवला म्हनला. "मी का म्हसू?"

जगदेवच्या अंगावरचं ठिपकं फिकं पडलं. वाघ जिंकला म्हनावं तर खोटं. ससा जिंकला म्हनावं तर सशाचा जीव. सशाला त्याआधीच कळलं हुतं. तो मागनं वरडत हुता, "मी न्हाई! मी लई टोलं मारलं! कुनाला मोजायचं आलं न्हाई!"

तवर मशिनच बोललं. मशिनला दातांची भीती नसती.

"विजेता, शेषराव. टोले, शून्य."

माळावर पान हालंना. शेषराव बी हालला न्हाई. त्याला मशिनसंगट वढत आनला हुता, तो निजलाच हुता.

"शून्य?" वाघोबा म्हनला. "म्हंजे काय?"

"सरकार," जगदेव पुटपुटला, "या खेळात ज्याचे टोले कमी..."

वाघोबाचं तोंड उघडं पडलं. सशानं डोळं मिटलं. पन वाघोबा राजा उगा नव्हता. त्यानं तोंड मिटलं आन मिशी हालवली.

"व्हय व्हय. मला म्हाईत हुतं. मी मुद्दाम जास्त मारत हुतो. दुसऱ्यालाबी मिळावं म्हनून."

समद्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हसूकडं कुनाचं ध्यान नव्हतं.

म्हसूला राग यायला पायजे हुता. मी असतो तर मशिन तिथंच फोडलं असतं. पन त्याला राग आलाच न्हाई. तो मटकन खाली बसला. बापाची दोरी. आज्ज्याची दोरी. आपल्याच हातानं दिली, आन भित काळी करून घालवली. ठकू त्याच्याशेजारी येऊन बसली. ती 'म्या सांगितलं हुतं' म्हनली न्हाई. तिनं नुसतं त्याच्या पाठीवरचं कुसळ काढलं.

"पन सरकार," मोर म्हनला, "शेषरावाला हात न्हाईत, पाय न्हाईत. तो गोफ नाचनार कसा?"

वाघोबानं शेषरावाकडं बघितलं. ह्या टोकापासनं त्या टोकापतुर बघितलं.

"हात-पाय कशाला लागत्यात? मानाला मान लागती. आन ह्याच्याकडं बघा की. डोकं सोडलं तर समदी मानच हाय!"

ते ऐकून समद्यांनी माना हालवल्या. खरंच हुतं. म्हसूनं गुपचूप आपल्या डोक्यामागं चाचपून बघितलं. खांदंच.

शेषरावाला झाडाखाली वढला आन तांबड्या दोरीचं टोक त्याच्या तोंडात दिलं.

आता लेकरांनो, निजलेल्या अजगराच्या तोंडात काय दिलं तर तो काय करतो? गिळतो. त्यानं इतभर दोरी गिळली. मंग हातभर. दोरी वर फांदीला बांधलेली, ती काय खाली येईना. मंग शेषरावच वर जाऊ लागला. गिळतोय आन वर जातोय. डोळं मिटलेलं. पार फांदीपतुर गेला, फांदीला दात लागलं तवा थांबला, आन तिथंच लोंबकळत घोरू लागला. दोरी शेषरावात गेली आन दोरीच्या जागी शेषराव. शेपूट खाली बराबर म्हसूच्या नाकापुढं.

सुतारपक्ष्याला खालचं काय दिसत नव्हतं. त्यानं ठेका धरला. ठक ठका ठक.

समदी आपापली दोरी धरून हुबी. कुनी हालंना. म्होरं कुनी न्हाई, तर मागं कोन जानार?

ठकूनं म्हसूला ढुशी दिली. "बघत काय बसलास? धर की!"

"काय धरू?"

"शेपूट!"

"ठके, मान त्याचा हाय."

"मान वर हाय त्याची. तू शेपूट धर."

म्हसू उठला. वाघोबाकडं बघितलं. वाघोबाला लांबचं दिसत नव्हतं, त्याला वाटलं दोरीच हाय. म्हसूनं शेपूट धरलं. गार हुतं, जाड हुतं, पन ठेका वळखीचा हुता. त्यानं एक पाऊल टाकलं. मंग दुसरं. ठक ठका ठक. ह्याच्या आतनं, त्याच्या भाईरनं. ससा मागं, मोर मागं, हरनं मागं. आन ते धूड फुलावरनं चालल्यागत चाललं. वर येनी पडली, हिरवी, पिवळी, निळी आन मधी शेषराव. असला जाडजूड गोफ जंगलानं कवा बघितला नव्हता. मंग उलट्या पावलांनी उकलला. एक गाठ राहिली न्हाई.

शेवटच्या फेऱ्याला शेषरावानं एक डोळा उघडला. तोंड दोरीनं भरलेलं, त्यामुळं नाकातनं बोलला.

"काय चाललंय?"

"तुमचा मान चाललाय," खालनं म्हसू म्हनला.

"बरं," शेषराव म्हनला आन परत निजला.

फुडच्या वरसाला जगदेवनं परत लीग काढली. समद्या जंगलानं नाव घातलं. गुहेत पाय ठेवायला जागा न्हाई. गळ्यात वेली बांधून समदी आडवी पडलेली, वाघोबा मधोमध. काठीला कुनी हात लावंना. जांभई देतानाबी भीत्यात, टोला धरला जाईल म्हनून. मशिन रोज सांगायचं, "शून्य, शून्य, शून्य." जगदेव म्हनायचा, "बघा, खेळाचा दर्जा किती वाढला!"

म्हसूनं मातूर नाव घातलं न्हाई. तो माळावर हुता. ठकू ठेका धरायची आन तो पावलं घोटायचा. त्या येळी चंद्राक्का वरनं वरडत गेली, "म्हसूऽऽ, यंदाचा मान कुनाला जायाचा रं?"

"कुनालाबी द्या!" म्हसू खालनं वरडला. "फकस्त लांब शेपटीचा बघून द्या!"

तात्पर्य : तुमाला गुरुजींनी सांगितलं असंल, की जो राबतो त्याला मान मिळतो. गुरुजींना सांगा, भित काळी हुती, मान मिळत न्हाई. खेळात नाव जरूर घालावं, खेळू मातूर नये. आन येवढं करून मान दुसऱ्याला गेलाच, तर रडत बसू नये. त्याला उंच टांगावा, शेपूट धरावं आन आपन नाचून घ्यावं. वर कोन लोंबतंय ते कुनी बघत न्हाई.

उठा आता. झाली गोष्ट. आन परत डुक्कर म्हनलं की हसायचं न्हाई.